मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपचं सील पुन्हा पुन्हा का जातं? नवीन सील आणण्याआधी एवढं तपासा

सील नवीन टाकलं, पंधरा दिवस बरे गेले, आणि एके सकाळी गाडी पुसताना बोटाला परत तेल लागलं. असं झालं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. कुडाळात माझं छोटं गॅरेज आहे. आमच्याकडे मे महिन्यात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, लाल धूळ, जूनपासून चार महिने चिखल आणि मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाड्यांना बारमाही खारा वारा. त्यामुळे हे एकच काम मी इतक्या वेळा केलंय की गिऱ्हाईक गाडी स्टँडला लावतानाच माझी नजर आधी पुढच्या पाइपांवर जाते.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की सील बहुतेक वेळा आपणहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. मारणारा तसाच ठेवून तुम्ही तिसरं सील टाकलंत तर तेही जाणार.

बोलताना गोंधळ नको म्हणून नावं सांगून ठेवतो. वरचा चकचकीत क्रोमचा तो पाइप. खालचा ॲल्युमिनियमचा तो बॉटम. पाइप बॉटममध्ये खाली-वर सरकतो, आत स्प्रिंग आणि तेल. तेल बाहेर येऊ नये म्हणून बॉटमच्या तोंडाशी ऑइल सील, त्याच्या डोक्यावर तारेचं लॉक आणि सगळ्यात वर धूळ अडवायला डस्ट सील.

लक्षणं

– पाइपवर तेलाचं गोल कडं दिसतं, त्यावर धूळ बसून काळा राप चढतो.
– बॉटमवरून तेलाचा ओघळ उतरतो, बहुतेकदा एकाच बाजूला.
– पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते आणि ब्रेक सोडल्यावर उसळी मारते.
– खड्ड्यात 'धप्प' असा आवाज येऊन हाताला झटका बसतो. आत तेल कमी झालंय किंवा स्प्रिंग बसलीय.
– ब्रेक मारताना हँडलमध्ये 'टक्' होतं. हा आवाज सीलचा नाही, बहुतेक कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि शॉकअप खोलून बसतात.

यातली एक गोष्ट थांबून बघायची. ओघळ कॅलिपरवर, डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर गेलाय का? गेला असेल तर गाडी आत्ताच उभी करा. तेल प्यालेले पॅड धुऊन सुधारत नाहीत, ते बदलायचेच. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसायची, रॉकेल-डिझेलच्या फडक्याने नाही. घाटात उतरताना पुढचा ब्रेक नसल्याचं कळणं ही काही मजेची गोष्ट नाही, आणि आमच्याकडे कुठेही जायचं तर घाट आहेच.

आधी खरंच गळतंय का ते बघा

पाइपवर तेलाचा अगदी पातळ थर असतोच आणि तो असायलाच हवा. नसेल तर सीलचा ओठ कोरडा घासून फाटेल. बोट फिरवल्यावर ते नुसतं चमकलं तर काळजी नको. थेंब हाताला लागला किंवा कडं दिसलं, तर गळती.

दोन्ही बाजूंचे पाइप आणि बॉटम कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा, गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवा आणि पुन्हा बघा. मग रात्री गाडी मेन स्टँडवर लावून पुढच्या चाकाखाली जुना पेपर पसरा. सकाळी डाग कुठे पडलाय यावरून निम्मं निदान होतं.

बॉटमच्या अगदी तळाशी एक ॲलन बोल्ट असतो, आतल्या डॅम्परच्या, म्हणजे उसळी आवरणाऱ्या, नळीला धरणारा. त्याच्याखाली तांब्याचा वॉशर असतो. वरचा सगळा भाग कोरडा आणि थेंब फक्त तळातून पडत असेल तर चोर हा वॉशर आहे, सील नाही. गेल्या वर्षी एक कॉलेजचा मुलगा आला होता. दुसरीकडे त्याचं सील दोनदा बदलून झालेलं, दोन्ही वेळचे पैसे दिलेले. माझ्याकडे काम झालं ते दहा रुपयांच्या वॉशरचं. त्याने मला चहा पाजला, तो वॉशरपेक्षा महाग पडला असेल.

आणखी एक फसगत ब्रेकच्या नळीची. तिच्या जोडातून गळलेलं ब्रेक ऑइल याच वाटेने खाली येतं. ते हाताला शॉकअपच्या तेलापेक्षा पातळ लागतं आणि जिथे साचतं तिथला रंग फुगवतं. तसा संशय आला तर मास्टर सिलिंडरच्या डबीतली पातळी बघा.

जुना एक्स-रे काढा

ही तपासणी फुकटची आहे आणि उपायही तोच आहे. सीलचा ओठ पाइपला टेकलेला असतो. त्याच्याखाली चिऱ्याच्या धुळीचा एखादा कण अडकला की ओठ तेवढाच उचलला जातो आणि तेल वाट काढतं. सील चांगलं असतं, फक्त त्याच्या दातात काहीतरी अडकलेलं असतं.

घरात कपाटावर कुणाच्या तरी गुडघ्याचा जुना एक्स-रे पडलेला असतोच. त्यातून दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. एका टोकाला बाजूने छोटी खाच पाडा, मासे पकडायच्या गळासारखी. कडा कात्रीने गुळगुळीत करा. आता डस्ट सील पातळ, बोथट पात्याने चारी बाजूंनी थोडं थोडं उचलून पाइपवर वर सरकवा. आत जो चिखल दिसेल तो बघून तुम्हाला स्वतःची लाज वाटेल, ते साहजिक आहे. तो पुसून काढा, मग एक्स-रेची पट्टी वरून पाइप आणि ऑइल सील यांच्यामध्ये हळूच सरकवा, खाच सीलच्या ओठाखाली जाईपर्यंत. पाइपभोवती एक पूर्ण फेरी फिरवा आणि वर ओढा. पट्टीवर काळा कचरा येतो. पुसा, पुन्हा फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत पट्टी स्वच्छ येऊ लागते.

मग पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-बारा वेळा दाबा. थोडं तेल आपणहून बाहेर येईल, ते उरलासुरला कचरा घेऊन येतं. पुसा, डस्ट सील जागेवर बसवा आणि दोन दिवस गाडी चालवून बघा. सील सहा महिन्यांच्या आतलं असेल तर बरेचदा प्रकरण इथेच मिटतं.

पट्टीऐवजी हॅकसॉचं पातं किंवा सुई वापरू नका. ओठाला एक चीर पडली की मग नवीन सीलच.

जाता जाता वॉशिंगबद्दल. प्रेशरचा पाइप थेट डस्ट सीलवर धरायचा नाही. चिखल धुतला जातो असं वाटतं, पण त्यातला निम्मा आत ढकलला जातो. पुढच्या पाइपांना बादलीतलं पाणी आणि ओलं फडकं पुरे.

पाइप: खरा गुन्हेगार बहुतेकदा इथेच असतो

या भागावर मी जास्त वेळ घालवतो, कारण गिऱ्हाईक सर्वात कमी वेळ याच्यावर घालवतं.

सील म्हणजे रबर. पाइप म्हणजे त्याच्यावर दिवसातून हजारो वेळा घासणारं लोखंड. पाइपवर खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा असला तरी त्याची कड कानसीसारखी सीलवर फिरते. शिवाय खड्ड्यात मावेल एवढं तेल प्रत्येक फेरीला बाहेर येतं.

मालवणहून कुडाळला मासे घेऊन येणारा एक गडी आहे. त्याच्या गाडीचा डावा शॉकअप वर्षात तीनदा गळला. उजवा कोरडा ठाक. सील दोन वेळा दुसऱ्याने टाकलेलं, तिसऱ्यांदा मी. महिन्याभराने तो परत दारात. "अरे, म्हयनो झालो नाय आणि परत तेल गळता." मला तेव्हा स्वतःचाच राग आला, कारण घाईत मी पाइपवर नख फिरवलं नव्हतं.

त्या दिवशी फिरवलं. डस्ट सीलच्या वर चार बोटांवर, पाइपच्या पुढच्या अंगाला, नख तीन ठिकाणी अडलं. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. कापसाचा बोळा फिरवला तर तिन्ही ठिकाणी धागे अडकून राहिले. बाकी सगळा पाइप आरशासारखा. गंज एवढ्याच जागी, एवढाच नेमका का, हे मला कळेना. मग त्याने जायला म्हणून हँडलला लटकवलेली प्लॅस्टिकची पिशवी सारखी केली आणि उत्तर समोर आलं. बर्फातले मासे मागच्या क्रेटमध्ये. पण घरच्यासाठीची वेगळी पिशवी रोज डाव्या हँडलला. तिच्या कोपऱ्यातून बर्फाचं खारट पाणी थेंब थेंब गळत होतं, बरोबर पाइपच्या त्या जागेवर.

तर तपासणी अशी करायची. पाइप स्वच्छ पुसून घ्या. अंगठ्याचं नख वरून खाली आणि मग आडवं, चारी बाजूंनी फिरवा. मग कापूस फिरवा. जिथे नख अडतं किंवा धागा राहतो तिथे पेनाने खूण करा.

सगळेच खड्डे वाईट नसतात. पाइपचा जेवढा भाग सीलमधून जातो तेवढाच महत्त्वाचा. तो ओळखायला पाइपवर एक प्लॅस्टिकची केबल टाय डस्ट सीलला टेकवून बांधा, फार घट्ट नको. नेहमीच्या रस्त्यावरून एक चक्कर मारा. टाय जिथपर्यंत वर सरकली तिथपर्यंत सील पोचतं. त्याच्या वर दोन बोटं सोडून गंज असेल तर तो फक्त दिसायला वाईट. तेलाचा हात मारून ठेवा, पसरू देऊ नका.

सीलच्या वाटेत बारीक खड्डा असेल तर १००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून त्या जागी हलक्या हाताने फिरवा, मग २०००. पाइपभोवती गोल फिरवायचा, उभा नाही. उभ्या रेघा पडल्या तर तेलाला वर यायला पन्हळीच तयार होतात. हेतू फक्त वर आलेली कड मोडण्याचा आहे, क्रोम घासून काढण्याचा नाही. खड्डा उथळ असेल तर दोन ट्यूब मिसळून होणारा इपॉक्सी त्यात भरा, एक दिवस सुकू द्या आणि वॉटर पेपरने पाइपशी एकदम सपाट करा. नख फिरवून काही कळता कामा नये. ही मलमपट्टी आहे, पण एखादा-दुसरा पावसाळा काढते.

क्रोमचे पापुद्रे सुटत असतील तर वॉटर पेपर खाली ठेवा. तिथे दोनच रस्ते: नवीन पाइप किंवा हार्ड क्रोम. हार्ड क्रोम म्हणजे जुना थर काढून जाड क्रोम चढवायचा आणि मापात ग्राइंड करायचा. हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड करणारे कोल्हापूर-पुण्याकडे हे काम करतात. सायलेन्सरला, गार्डला चमक देणारा क्रोमवाला वेगळा. त्याच्याकडून पाइप करून आणलात तर चार महिन्यांत पापुद्रे निघून नवीन सीलची चाळण होईल. सध्याच्या साध्या गाड्यांना नवीन पाइपच स्वस्त पडतो. जुन्या, पार्ट न मिळणाऱ्या गाडीला मात्र हार्ड क्रोमसारखं काही नाही.

नवीन पाइप निम्म्या किमतीचा मिळाला म्हणून आनंदाने उचलू नका. व्हर्नियर घेऊन तीन ठिकाणी माप घ्या. जुन्याशी जुळत नसेल तर परत करा.

चाक सरळ बसलंय का

हे फुकटचं आहे, फक्त पाना लागतो, आणि पंक्चर काढल्यानंतर सुरू झालेल्या गळतीत मी आधी हेच बघतो. दोन्ही पाय, म्हणजे डावा-उजवा शॉकअप, एकमेकांना समांतर असले तरच पाइप मधोमध सरकतो. चाक बसवताना पाय थोडा जरी आत ओढला गेला, तर पाइप सीलच्या एकाच बाजूवर दाबून घासतो.

एक्सलचा नट आणि पायाच्या तळाशी एक्सलला पकडणारा चिमटा-बोल्ट असेल तर तो, दोन्ही सैल करा. गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात पाच-सहा वेळा दाबा. पाय आपापल्या जागी येतात. मग आधी एक्सल आवळा, नंतर चिमटा-बोल्ट. एवढंच.

गाडी पडलेली असेल आणि हँडल सरळ धरल्यावर चाक तिरकं दिसत असेल तर पाय 'टी'मध्ये, म्हणजे दोघांना वरून धरणाऱ्या पकडीत, फिरलेत. 'टी'चे खालचे बोल्ट सैल करून, चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ करता येतं. त्यानेही सरळ होत नसेल तर पुढे वाचा, प्रकरण वाकण्याचं आहे.

तेल: जास्त म्हणजे चांगलं नाही

"दादा, थोडं जास्त टाका, गाडी कडक होईल." हे मी आठवड्यातून एकदा ऐकतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडा मारा. शेवटी शेवटी दांडा जात नाही. शॉकअपमध्ये तेलाच्या वर जी मोकळी हवा असते ती अशीच दाबली जाते. तेल जास्त टाकलं की हवेला जागा कमी, दाब जास्त, आणि मोठ्या खड्ड्यात तो दाब सीलवर निघतो. म्हणजे गाडी कडक झाली खरी, पण सीलच्या जिवावर.

कमी तेलही वाईट. मग झटके सरळ स्प्रिंगवर जातात, धप्प होतं, आतली नळी तेलाशिवाय नुसती हवा घुसळते.

तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिलिलिटर दिलेले असतात. बहुतेक ठिकाणी दोन आकडे असतात. पूर्ण खोलून कोरडं केल्यावरचा मोठा, नुसतं तेल बदलतानाचा लहान, कारण आत थोडं चिकटून राहतंच. ही चूक बरेच जण करतात: नुसतं तेल काढतात आणि मोठ्या आकड्याइतकं भरतात. मोजायला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज वापरा. दोन्ही पायांत सारखंच तेल हवं, अंदाजाने 'एवढं एवढं' नको.

इंजिनातलं उरलेलं २०डब्ल्यू-४० ओतणारे पुष्कळ. ते जाड असतं. खड्ड्यात पाय आत जातो, पण तेवढ्याच झटपट बाहेर येत नाही. पुढचा खड्डा येईपर्यंत तो अर्ध्यावरच अडकलेला असतो. कच्च्या रस्त्यावर चार खड्डे लागोपाठ आले की चौथ्याला धप्प. फोर्क ऑइल घ्या, मॅन्युअलमध्ये असेल तेच. सामान उचलणाऱ्या गाडीला एक पायरी जाड चालतं, दोन नाही.

काढलेलं तेल काळं आणि आंबूस वासाचं असेल तर ते नुसतं जुनं झालंय. चंदेरी चकाकी असेल तर आत ॲल्युमिनियम झिजतंय. दुधाळ असेल तर पाणी गेलंय, आमच्याकडे पावसाळ्यानंतर हे नेहमीचंच. आणि ते तेल गटारात किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला ओतू नका. डब्यात भरून जवळच्या गॅरेजात द्या, तिथून जुनं तेल नेणारे येतात.

सील बदलायचंच असेल तर

इथपर्यंत सगळं करूनही गळत असेल तर आता सील. सीलवर तीन आकडे असतात, समजा ३७ ५० ११: आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुनं सील घेऊन जा आणि हे आकडे जुळवा. मॉडेल तेच राहून पाइपचा व्यास बदललेला असू शकतो. बजाज पल्सर १५० मध्येच एका आवृत्तीला ३१ मिलिमीटरचे पाइप आहेत आणि एकीला ३७ चे. दोन्ही बाजूंची सीलं एकदम बदला.

खोलण्याचा क्रम महत्त्वाचा. तळाचा ॲलन बोल्ट आधी सैल करा, वरचं झाकण बंद असतानाच. स्प्रिंगच्या दाबाने आतली नळी धरलेली असते, म्हणून बोल्ट सुटतो. आधी झाकण काढलंत तर आतली नळी बोल्टबरोबर गरगर फिरत राहते आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच. मग वरचं झाकण. त्याच्याखाली स्प्रिंग दाबलेली असते, शेवटच्या आट्याला ते उडतं. तोंड बाजूला, हाताने झाकणावर भार ठेवून सोडवा.

जुनं सील स्क्रू-ड्रायव्हरने उपसताना बॉटमच्या आतल्या भिंतीला ओरखडा पडू देऊ नका. खाली फडक्याची घडी ठेवा. तो ओरखडा पडला तर नवीन सील बाहेरच्या अंगाने गळतं, आणि तेव्हा पाइप तपासून तपासून डोकं फिरतं.

बसवताना पाइपच्या वरच्या धारदार कडेवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी ओढा, तिला तेल लावा आणि त्यावरून सील सरकवा. लिहिलेली बाजू वर, आतली बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. उलटं बसवलेलं सील मी पाहिलंय, एकदा नव्हे. वरून जुनं सील ठेवून, पाइपवर सैल जाणाऱ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने सगळीकडून सारखं ठोका. एका बाजूला स्क्रू-ड्रायव्हर लावून हाणलंत तर ते तिरकं बसेल. लॉकच्या तारेची खाच सगळीकडून पूर्ण दिसली की सील तळाला लागलं. तळाच्या बोल्टाला नवीन तांब्याचा वॉशर, न विसरता.

पाइप वाकलाय की बुश गेलाय

शॉकअप खोललाच आहे तर पाइप काचेवर किंवा ओट्याच्या कडप्प्यावर लोळवून बघा. मधे उजेड दिसतो आणि बंद होतो, म्हणजे वाकलाय. बऱ्याच मॅन्युअलमध्ये वाकण्याची मर्यादा ०.२ मिलिमीटर असते. डोळ्यांना स्पष्ट दिसलं म्हणजे ती बहुधा ओलांडलेली असते. लेथवाला प्रेसवर सरळ करून देतो, आणि लोक आनंदाने बसवतात. मी बसवत नाही. एकदा घडी पडलेलं लोखंड पुन्हा तिथेच वाकतं, आणि ते पुढच्या चाकाचं आहे.

बुश म्हणजे पाइप ज्यावर सरकतो ती आतली कडी. तो तपासायला पाइप बॉटममध्ये घालून पुढे-मागे हलवा. खडखड झाली तर झीज आहे. मोठ्या गाड्यांत बुश वेगळे मिळतात. छोट्या गाड्यांत बऱ्याचदा बुशच नसतो, पाइप सरळ ॲल्युमिनियमवर चालतो, आणि मग बॉटमच बदलावा लागतो. अशा गाडीला नवीन सील म्हणजे खुळखुळणाऱ्या दाराला नवं कुलूप.

तेवढ्याच पैशात थोडं बरं करायचं असेल तर

नवे महागडे शॉकअप घालायचे म्हणून बरेच जण विचारतात. आधी तुमचे जुने तपासा. गाडीवर नेहमीसारखे बसा, सोबत्याला केबल टाय बघायला सांगा. तुमच्या वजनाने पाय एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश आत गेला तर स्प्रिंग ठीक आहे. निम्म्यापर्यंत गेला तर ती बसलीय. स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा. फार कमी नसेल तर वरच्या झाकणाखाली दहा-पंधरा मिलिमीटरचा पीव्हीसीचा तुकडा, दोन्ही बाजूंना वॉशर लावून टाकता येतो. त्याहून जास्त नको, नाहीतर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात आणि खड्ड्यात दगडासारखा धक्का बसतो. पंधरानेही भागलं नाही तर नवीन स्प्रिंगची जोडी घ्या.

रबरी बूट पाइपवर घालणं मला पटतं, पण एका अटीवर: महिन्यातून एकदा वर सरकवून आतलं पाणी पुसायचं. नाही पुसलं तर आत गंजाची शेतीच होते, आणि बाहेरून सगळं छान दिसतं.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

बॉटमला चीर दिसली तर वेल्डिंग करू नका, बदला. गाडी समोरून आदळलेली असेल तर 'टी', फ्रेम आणि चाक मापून घ्यावं लागतं, ते घरचं काम नाही. पाइप वर आणि बॉटम खाली याच्या उलट रचना असेल, म्हणजे जाड भाग वर आणि पाइप खाली, किंवा आत कार्ट्रिज, म्हणजे डॅम्परचा बंद डबा, असेल, तर खास हत्यारं लागतात. मी स्वतः अशी गाडी शोरूमला पाठवतो. एबीएसच्या सेन्सरची वायर पायावरून गेली असेल आणि ती कशी सोडवायची माहीत नसेल तर तिला हात लावू नका. तळाचा बोल्ट गोल झाला तर छिन्नी-हातोडा घेऊन बसू नका, इम्पॅक्ट पाना असलेल्याकडे न्या. आणि ब्रेकवर तेल गेलेली गाडी तपासून झाल्याशिवाय पोराला 'जरा एक चक्कर मारून बघ' म्हणून देऊ नका.

काम झाल्यावर पाइप पुसून दहा किलोमीटर चालवा, कडं बघा. रात्री पुन्हा पेपर. पहिल्या दिवशी बसवताना लागलेलं तेल थोडं येतं, ते धरू नका. तिसऱ्या दिवशीही कडं असेल तर पाइपपासून पुन्हा सुरुवात.

मालवणच्या त्या गाडीला मी इपॉक्सी न भरता नवीन पाइप घातला आणि पिशवीबद्दल दोन वेळा बजावून सांगितलं. दोन पावसाळे झाले, डावा पाय अजून कोरडा आहे. परवा चेन आवळायला आला तेव्हा उजव्या हँडलला पिशवी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ह्या बाजूक लावलंय, त्या बाजूक नाय!"